धाकट्याच्या नावावर

वर्षातून दोनदा कॅप्टनची परीक्षा असायची, आणि दोन्ही वेळा तो आधी पेपर फोडून यायचा.

परीक्षा म्हणजे मेडिकल. वैमानिकाला दोन कागद लागतात. एक लायसन्स आणि दुसरं मेडिकलचं सर्टिफिकेट, जे चाळिशीनंतर सहाच महिने चालतं. दुसरं नसेल तर पहिल्यात शेंगदाणे बांधून घ्यावेत. डोळे, कान, रक्त, हृदयाचा आलेख, सगळं बघतात. एक आकडा इकडचा तिकडे झाला की माणूस जमिनीवर.

म्हणून कॅप्टनच्या कंपनीतल्या लोकांनी एक युक्ती काढली होती. मेडिकलच्या आधी, जिथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही अशा लॅबमध्ये जायचं आणि दुसऱ्याच्या नावावर सगळं तपासून घ्यायचं. काही वाकडं निघालं तर गुपचूप सरळ करायचं आणि मगच खऱ्या डॉक्टरसमोर उभं राहायचं. याला ते ‘तालीम’ म्हणायचे. कुणी मेव्हण्याचं नाव द्यायचा, कुणी सासऱ्याचं. एकाने घाईघाईत बायकोचं नाव दिलं आणि लॅबवालीने त्याला विचारलं, मॅडम कितवा महिना. हा किस्सा क्रू-रूममध्ये इतक्यांदा सांगून झाला होता की आता तो कुणाच्या बाबतीत घडला हेच कुणाला आठवत नव्हतं.

कॅप्टन धाकट्या भावाचं नाव द्यायचा.

त्यात विचार असा काही नव्हता. धाकट्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स कायम त्याच्या बॅगेत असायची, कारण धाकट्याचे सगळे फॉर्म तोच भरायचा. वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि कॅप्टन तेवीसचा. शाळेचा दाखला, कॉलेजची फी, फ्लाइंग स्कूलची प्रवेश परीक्षा, सगळं कॅप्टनने निस्तरलं. लग्न तेवढं राहून गेलं. आई त्याला घोडनवरा म्हणायची, मग घोड्याचंही वय उलटून गेलं म्हणायची, मग म्हणायचं सोडून दिलं. धाकटा आता सत्तावीसचा, ठणठणीत. त्याच्या नावावर कसला संशय येणार.

कॅप्टन मालवाहू विमान चालवायचा. दोन पंख्यांचं, जुनं, खडखडणारं. पार्सलं, औषधं, एकदा तर कोंबडीच्या पिल्लांचे साठ खोके, दोन तास मागून चिवचिव. त्याला ते विमान आवडायचं. मोठ्या विमानांवर जायची संधी दोनदा आली होती, दोन्हीदा त्याने हो-हो करत टाळली. सकाळी सहाला उडायचं, दुपारी तीनला घरी. आयुष्यात जमलेली ही एकच गोष्ट आहे असं त्याला वाटायचं आणि ते फारसं चूकही नव्हतं.

या वेळी तो तालमीला जरा लवकर गेला. मेडिकलला साडेचार महिने होते. पण उजव्या हाताची पहिली दोन बोटं मुळापाशी दुखायला लागली होती. पॉवरचा दांडा पुढे ढकलताना कळ यायची. शिवाय सारखा थकवा. आणि रंग. सगळे म्हणायचे काय मस्त रापलायस, समुद्रावर जाऊन आलास का. तो कुठेही गेला नव्हता.

लॅब एका चपलांच्या दुकानाच्या वर होती. जिना चढताना नव्या रबराचा वास यायचा. वर एक म्हातारा डॉक्टर बसायचा, बाहीला शाईचा डाग, टेबलावर काचेखाली दाबलेली नातवंडं. त्याने पहिला रिपोर्ट बघितला आणि आणखी दोन तपासण्या करायला लावल्या. आठवड्याने बोलावलं. दार लावून घेतलं.

“वय सत्तावीस लिहिलंय,” डॉक्टर म्हणाला.

“हो.”

डॉक्टरने चष्म्यावरून त्याच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“बरं. सत्तावीस तर सत्तावीस.”

मग त्याने समजावलं. काही लोकांचं शरीर जेवणातलं लोखंड शोषत राहतं आणि जादाचं बाहेर टाकायला त्याला दारच नसतं. ते आत साठतं. लिव्हरमध्ये, सांध्यात, कातडीत, हृदयात. हे आईबापाकडून येतं. दोघांत एकेक खराब तुकडा लपलेला असतो, आणि ज्याच्या वाट्याला दोन्ही येतात त्याचं भरतं. साध्या माणसाचा आकडा तीनशेपर्यंत असतो, तुमचा अडीच हजाराला टेकलाय. इलाज एकच, रक्त काढायचं. दर आठवड्याला एक बाटली, वर्ष-दीड वर्ष. रक्तातून लोखंड निघून जातं.

वडील आहेत का, त्याने विचारलं. नाहीत, लिव्हरने गेले, एकोणपन्नासाव्या वर्षी. दारू? कॅप्टन म्हणाला, लोक तसं म्हणायचे. डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

“भावंडं?”

इथे कॅप्टन अडकला. कागदावर तर तो धाकटा होता.

“एक मोठा भाऊ,” तो म्हणाला.

“त्याला आजच सांगा. सख्ख्या भावात एरवी चारात एक शक्यता असते, वडिलांनाही हेच असलं तर निम्मी. लवकर कळलं तर काही बिघडत नाही, माणूस म्हातारा होऊन मरतो. उशीर झाला तर हृदय धरतं.”

“सांगतो,” कॅप्टन म्हणाला.

आणि एका अर्थाने त्याने शब्द पाळला. मोठ्या भावाला कळलं होतंच. धाकट्याला तेवढं कुणी सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, असा कसा हा माणूस. त्याचा हिशोब समजून घ्या. मेडिकलमध्ये लोखंड कुणी मोजतच नाही. लिव्हरचे आकडे बघतात आणि हृदयाचा आलेख बघतात. चार महिन्यांत पंधरा-सोळा बाटल्या निघाल्या की लिव्हरचे आकडे खाली येतील, कुणाला पत्ता लागणार नाही. धाकट्याला सांगितलं की तो तपासून घेणार. त्याला काही निघालं तर तो खरं सांगणार, कारण त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणी आमटी सांडली तरी स्वतःहून येऊन सांगायचा. मग विचारणार, घरात आणखी कुणाला आहे. दोघंही जमिनीवर. शिवाय धाकट्याची नुकतीच एका मोठ्या कंपनीत निवड झाली होती, जेटवर. चार महिन्यांनी रुजू व्हायचं होतं. आत्ता कशाला पोराच्या पायात काटा. एकदा नोकरीत बसू दे, मग सांगू. हे त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते त्याला भावावरचं प्रेमच वाटायला लागलं.

बाटल्या सुरू झाल्या. त्याच लॅबमध्ये, त्याच नावावर. नियम असा होता की रक्त काढल्यावर तीन दिवस विमानाला हात लावायचा नाही. कॅप्टनला सुट्ट्या मिळायच्या दोन. तिसऱ्या दिवशी तो सकाळी सहाला विमानात असायचा.

घरी वेगळीच मजा चालली होती. धाकटा अभ्यास करकरून थकतो म्हणून आईने टॉनिक आणलं होतं. लोहाचं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. फ्रीजवर ती तपकिरी बाटली होती आणि धाकटा तोंड वेडंवाकडं करत, आईकडे बघत, गुमान गिळायचा. कॅप्टन समोर बसून चहा प्यायचा.

दोनदा त्याने ती बाटली बेसिनमध्ये ओतली आणि फुटली म्हणून सांगितलं. दोनदा आईने नवी आणली. दुसऱ्या वेळी म्हणाली, विमान नीट धरता येतं ना रे तुला, का तेही पाडतोस. धाकटा खूप हसला. तिसऱ्यांदा ओतायची कॅप्टनची हिंमत झाली नाही.

नवव्या बाटलीनंतर एक दिवस विमान उतरवताना त्याच्या छातीत मासा तडफडल्यासारखं झालं. फार नाही, सात-आठ सेकंद. शेजारी कोपायलट होती, दोन वर्षांपासून त्याच्याबरोबर उडणारी, कमी बोलणारी. तिने वेग कमी होतोय म्हणून सांगितलं. त्याने ऐकलं, पण तोंडातून शब्द निघेना. तिने पुन्हा सांगितलं. तिचा हात दांड्याकडे निघाला तेवढ्यात तो म्हणाला, बघतोय, आणि विमान टेकवलं. वाईट नाही टेकवलं.

खाली उतरल्यावर ती टोपी हातात घेऊन थांबली.

“सर, दोनदा सांगून उत्तर नाही आलं तर विमान माझ्याकडे घ्यायचं, हे तुम्हीच शिकवलंत.”

“घसा बसला होता.”

“पुढच्या वेळी मी दुसऱ्यांदाही सांगणार नाही,” ती म्हणाली आणि गेली. तिने कुठे तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं कॅप्टनला नंतर पुष्कळदा वाटलं.

मग बाराव्या बाटलीचा आठवडा आला. कॅप्टन दुपारी घरी आला तर आई टेबलाशी भाजी निवडत बसलेली आणि धाकटा समोर, मेडिकलच्या फाइलसकट. नव्या कंपनीत रुजू होण्याआधीचं मेडिकल होतं त्याचं त्या दिवशी.

“ये दादा,” धाकटा म्हणाला, “तुझा भाऊ भंगारात निघाला.”

आणि तो हसत हसत सांगायला लागला. मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरने त्याचा ओळख क्रमांक कॉम्प्युटरवर टाकला, तर आतून रिपोर्टांची माळ निघाली. अंगात लोखंड, अडीच हजार. रक्ताच्या अकरा बाटल्या काढल्या. कुठल्याशा चपलांच्या दुकानावरच्या लॅबमध्ये. आणि फॉर्मवर तर त्याने लिहिलेलं, आजार काही नाही. बोर्डाचा डॉक्टर म्हणाला, लपवलंत. मेडिकल थांबवलं. दहा दिवसांनी सुनावणी. कंपनीने सांगितलं, दोन आठवडे जागा ठेवतो, मग यादीतला पुढचा माणूस घेतो.

“अकरा बाटल्या,” धाकटा म्हणाला. “मला सुई बघून घेरी येते. मी त्या रस्त्याला आयुष्यात गेलो नाहीये. उद्या जाऊन त्या लॅबवाल्याची गचांडी धरतो. तू पण चल. तू युनिफॉर्ममध्ये ये, जरा वजन पडेल.”

लॅब इतकी जुनाट, तिचा कॉम्प्युटर खोकल्यासारखा आवाज करायचा, आणि ती सगळ्या देशाच्या नोंदींना जोडलेली असेल हे कॅप्टनच्या स्वप्नातही नव्हतं. गेली कित्येक वर्षं तालमी करणाऱ्या कुणाच्याच नव्हतं. त्यांना वाटायचं, वही बंद केली की संपलं.

तो हात धुवायला म्हणून आत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

सांगायला सोपं आहे की त्याने तेव्हाच बाहेर येऊन कबूल करायला हवं होतं. तो बाहेर आला आणि म्हणाला, जाऊ या उद्या. रात्रभर त्याने वाटा शोधल्या. डॉक्टरला फोन करून चूक झाली म्हणायला लावलं तर? पण डॉक्टरने त्याचा चेहरा अकरा वेळा बघितला होता. लॅबची गफलत म्हणून धाकट्याला भांडू दिलं तर? सिद्ध करायला दोन महिने जातील, जागा जाईल. सगळ्या वाटा फिरून जिन्यावर यायच्या, रबराच्या वासापाशी.

सकाळी दोघं निघाले. घराच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे शेजाऱ्यांची सायकल उभी असायची, कॅप्टन थांबला.

“लॅबमध्ये जायची गरज नाही,” तो म्हणाला. “तो मी होतो.”

धाकट्याला आधी कळलंच नाही. कॅप्टनने सगळं सांगितलं, तालीम, नाव, बाटल्या. सायकलच्या घंटीकडे बघून सांगितलं. ऐकता ऐकता धाकटा पायरीवर बसला, आणि मग त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

“म्हणजे मला काही नाही,” तो म्हणाला. “मला काहीच नाही ना, दादा?”

कॅप्टनने सायकलची घंटी बोटाने पुसली.

“दादा?”

“तुझी तपासणी करायला हवी. निम्मी शक्यता आहे.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“तीन महिने.”

धाकटा काहीतरी मोजत होता. कॅप्टनला वाटलं, आता नावाचं काढेल. पण तो म्हणाला, “नाव घेतलंस त्याचं काही नाही. माझं काय आहे जे तू केलेलं नाही. नाव घे, क्रमांक घे.” मग थांबला. “बाटल्या फुटल्या नव्हत्या.”

“नाही.”

“तू दोनदा ओतलंस. आणि तिसऱ्यांदा समोर बसून चहा पीत राहिलास.”

कॅप्टनला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर त्याला चाललं असतं. धाकटा उठला, पँट झटकली आणि वर गेला. आईने दार उघडल्याचा आवाज आला.

आईला सांगावंच लागलं. ती सगळं शांतपणे ऐकत होती. लोखंड, तुकडे, दार नसलेलं शरीर, यातलं तिला किती कळलं कोण जाणे. लिव्हर म्हटल्यावर मात्र तिने हात वर केला, थांब म्हणून.

वडील शाळेत भूगोल शिकवायचे. शेवटच्या वर्षी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलमध्ये कुणीतरी म्हणालं, पिणाऱ्यांचं असं होतं. तेवढं पुरलं. शाळेतले शिक्षक त्यांच्याशी तोंड फिरवून बोलायला लागले. ते शपथेवर सांगायचे की कधी थेंब शिवलो नाही, आणि लोक म्हणायचे, सगळे तसंच सांगतात. कॅप्टननेही मेडिकलच्या फॉर्मवर वडिलांच्या मृत्यूचं कारण कायम ‘अपघात’ लिहिलं होतं.

“म्हणजे ते पीत नव्हते,” आई म्हणाली.

“नव्हते.”

“मी त्यांची कपाटं हुंगली होती रे.” तिने दोघांकडेही बघितलं नाही. “पाण्याची बाटली शाळेतून आली की मी आधी हुंगायचे. त्यांना माहीत होतं. एकदा स्वतःच झाकण काढून माझ्या नाकासमोर धरली.”

मग ती उठली, फ्रीजवरची तपकिरी बाटली घेतली आणि आत निघून गेली. ओतल्याचा आवाज आला नाही. ती नुसती बाटली हातात धरून बसली असावी.

सुनावणीची वाट न बघता कॅप्टन दुसऱ्याच दिवशी बोर्डासमोर गेला. लांब खोली, पाण्याचे ग्लास, तीन माणसं. मधला स्वतः जुना वैमानिक होता, मिशा पांढऱ्या, बोलणं मऊ. कॅप्टनने लेखी दिलं की रिपोर्ट माझे आहेत, भावाला कल्पना नव्हती.

मिशावाल्याने विचारलं, यापूर्वी किती मेडिकलच्या आधी असं बाहेर तपासून आलात. कॅप्टनला एक म्हणता आलं असतं. एकदाच, घाबरलो, चुकलो. एकाला बोर्ड माफ करतं, हे खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं. पण त्याला वाटलं, आज जर आपण पूर्ण खरं बोललो तर धाकट्याच्या कागदावरचा डाग पूर्ण निघेल. लहान मुलासारखा सौदा होता तो, कुणाशी केला हेही त्याला सांगता आलं नसतं.

“सगळ्या,” तो म्हणाला.

मिशावाल्याने डोळे मिटून घेतले. त्यानेही त्याच्या काळात तालमी केल्या असतील.

कॅप्टनच्या छातीला चोवीस तासांसाठी यंत्र बांधलं. मासा चोवीस तासांत एकतीस वेळा तडफडला. मग हृदयाचा मोठा फोटो काढला. त्यात काळं दिसत होतं, जिथे दिसायला नको तिथे. निकाल दोन ओळींचा होता. हृदयात लोह साठल्यामुळे आणि वेळोवेळी माहिती लपवल्यामुळे कायम अपात्र. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि बसने घरी आला. खिडकीजवळची जागा मिळाली होती. बाहेर त्याने बघितलं नाही.

पण धाकट्याच्या फाइलवरचा ‘लपवलं’ हा शिक्का त्यांनी काढला. जागा अजून पाच दिवस राखलेली होती. फक्त ताज्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. ते पाच दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. धाकटा कॅप्टनशी कामापुरतं बोलायचा, मीठ दे, दार लाव. तरी चौथ्या दिवशी त्याने नव्या कंपनीच्या शर्टाला इस्त्री केली. कॅप्टन दारातून बघत होता. कॉलर नीट बसत नव्हती, धाकट्याला ती कधीच जमायची नाही. एरवी त्याने हातातून इस्त्री घेतली असती.

रिपोर्टला दोघंही गेले. आईने पाठवलं म्हणून. बोर्डाची डॉक्टरीण तरुण होती आणि घाई असल्यासारखं बोलायची, कदाचित वाईट बातमी अशीच सांगायची तिची पद्धत असेल.

दोन्ही तुकडे धाकट्यातही होते. आकडा नऊशे. लिव्हर अजून चांगलं आहे, हृदय स्वच्छ आहे. हे उत्तम आहे, ती म्हणाली, खरंच उत्तम आहे, या वयात सापडणं. रक्त काढायला सुरू करा. आकडा खाली आला, हृदयाचा फोटो पुन्हा स्वच्छ आला की अर्ज करा. सहा-सात महिने, फार तर वर्ष. पुढे मेडिकल मिळतं, अटी असतात, पण असे लोक उडतात. तोपर्यंत तात्पुरते अपात्र.

“कंपनी थांबणार नाही,” धाकटा म्हणाला.

“तो कंपनीचा प्रश्न.” ती कागद चाळत होती. “गोळ्या, टॉनिक काही चालू होतं का?”

“होतं.”

“ते तर बंदच. तीन-चार महिने आधी कळलं असतं ना, तर आत्तापर्यंत जवळजवळ निस्तरलं असतं. पण ठीक आहे. कळलं हेच नशीब.”

तिला काहीच माहीत नव्हतं. ती सगळ्यांनाच असं सांगत असेल. खोलीत भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं चित्र होतं, कॅप्टन ते वाचत राहिला, एकेक हाडाचं नाव.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकांवर आठ-दहा जण बसले होते, आपापल्या फायली मांडीवर घेऊन. कुणीतरी कॅप्टनला ओळखलं आणि हात केला. धाकटा पुढे चालत होता. कॅप्टनने त्याला गाठलं.

“वर्षभराने होईल तुझं,” तो म्हणाला. “तिने सांगितलं ना, अटींवर देतात. तेव्हा दुसरी कंपनी बघू. मी फॉर्म...”

“फॉर्म मी भरेन,” धाकटा म्हणाला.

एवढंच. आवाजही चढवला नाही.

जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. महिनाभरात धाकट्याने विमानतळाजवळच्या एका ऑफिसात काम धरलं, विमानांच्या वेळापत्रकाचं, आणि तिथेच एकाबरोबर खोली घेतली. आईला रोज फोन करतो. आई फोन झाला की सांगते, जेवला म्हणाला, थकत नाही म्हणाला. कॅप्टनकडे फोन देऊ का, हे तिने पहिले काही दिवस विचारलं.

कॅप्टनला कंपनीने गोदामात घेतलं, माल चढवण्याच्या याद्या करायला. सकाळी सहाला त्याचं जुनं विमान निघतं, कोपायलट आता डावीकडच्या, त्याच्या सीटवर बसते. ती जाताना खिडकीतून त्याला हात करते. तोही करतो. मग यादीत खूण करतो आणि पुढचा खोका बघतो.

रक्त काढायला तो आता मोठ्या हॉस्पिटलमध्ये जातो, स्वतःच्या नावावर, शुक्रवारी. चार खुर्च्या, चार रबरी चेंडू मुठीत दाबायला. नर्स बोलकी आहे. पहिल्याच दिवशी आडनाव वाचून म्हणाली, तुमचे भाऊ पण येतात ना, आम्ही दोघांना एकच वेळ दिली होती, सोबत होते म्हणून. घरचे लोक शेजारी बसले की वेळ बरा जातो.

“मग?” कॅप्टनने विचारलं.

“ते नको म्हणाले. सोमवार करून घेतला.”

तिने पट्टा आवळला, शीर शोधली. कॅप्टनने चेंडू मुठीत दाबला.

“त्याचा आकडा उतरतोय का?”

“ते मला नाही सांगता येणार हो,” ती म्हणाली. “त्यांना विचारा ना.”

तो हो म्हणाला. बाटली भरायला पंधरा मिनिटं लागतात.